धरतीचा वाटा

१

सहावा ग्लास शीतलने नाकाशी नेला आणि तिचं बोलणं अर्ध्यावर तुटलं.

समोर बारा पाहुणे बसले होते. धुळ्याचे डॉक्टर, जळगावचे दोन वकील, भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक साहेब आणि देवपूरच्या प्रमिलाबाई. या बाईंनी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि अजूनही त्या समोरच्याकडे तोंडी परीक्षा घेतल्यासारख्या बघत. सोनगीरजवळच्या लीलाधरशेठच्या छोट्याशा रम कारखान्यात असा कार्यक्रम पहिल्यांदाच होत होता. सहा बाटल्या, रमच्या सहा तऱ्हा, प्रत्येकीचा घोट आणि प्रत्येकीची गोष्ट. गोष्ट सांगायचं काम शीतलचं.

तासभर तिने ती झकास रंगवली होती. दूरच्या बेटांवर साखर करून उरलेली मळी कशी फेकून देत, उसाच्या शेतांत राबणाऱ्या गुलामांनी तीच आंबवून रम कशी काढली, जहाजावरच्या खलाशांना ती रोज मापाने कशी मिळे आणि तिच्यात पाणी मारलंय का हे बघायला ते ती बंदुकीच्या दारूवर ओतून कशी पेटवून बघत.

"आणि आपल्याकडे रम म्हणजे मिलिटरीतून सुटीवर आलेल्या मामाच्या ट्रंकेतली बाटली," असं ती म्हणाली तेव्हा वकील खो खो हसले होते. मग एकेक बाटली फिरली. पहिली पांढरी. दुसरी मळीची नाही, थेट उसाच्या रसाची. तिसरी सोनेरी. चौथी उग्र वासाची, पिकून फुटलेल्या केळ्याची आठवण देणारी. पाचवी बाजारात चालते ती, काळीभोर, साखरेचा पाक घातलेली.

"आणि ही सहावी आमच्या चुडामण नानांची," शीतल म्हणाली होती. "बारा वर्षं पिंपात राहिलेली. खानदेशच्या उन्हात पिंपातला निम्मा माल हवेतच उडून जातो. परदेशात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. हिच्यात साखरेचा एक कण नाही. गोडवा आहे तो फक्त नाकाला जाणवणारा."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या नानांनी आपला ग्लास उजेडात धरून तिरपा केला. "धारा बघा, तेलासारख्या कशा सावकाश उतरतात," ते पाहुण्यांना म्हणाले. चाळीस वर्षं या कारखान्याची रम जुळवणारा हा माणूस. त्यांच्या नाकाची ख्याती पार नाशिकपर्यंत होती.

शीतलने ग्लास हुंगला. जुन्या लाकडाचा, भाजलेल्या गुळाचा, संत्र्याच्या सालीचा वास यायला हवा होता. आला तो साखरेच्या पाकाचा. तिने पुन्हा हुंगला. तोच.

क्षणभर तिच्या मनात आलं, गप्प बसावं. बारा जणांतल्या कोणाला कळणार आहे? पण प्रमिलाबाईंनी ग्लास टेबलावर ठेवला आणि वर्गात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "शीतल, ही पाचवी आणि सहावी एकच आहे की!"

लीलाधरशेठ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा यजमानपणा कुठल्या कुठे गेला होता.

२

पाहुण्यांना भजी आणि चहासाठी बाहेर मांडवात पाठवलं. आत शेठ, त्यांचा पुतण्या आणि कारखान्याचा मॅनेजर किरण, नाना, शीतल आणि सुका एवढेच उरले.

सुका म्हणजे पिंपांचा माणूस. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. पिंपं लोटणं, फिरवणं, त्यांची गळती बुजवणं हे सगळं तो बघे. तीन वर्षांपूर्वी शीतलनेच त्याला इथे आणलं होतं.

"साधी गोष्ट आहे," शेठ म्हणाले. "नानांनी काल स्वतः बाटली भरली, लाखेचं सील केलं, त्यावर त्यांच्या अंगठीचा ठसा. आज दहा वाजता माझ्यासमोर सील तोडलं. सील धड होतं. नानांनी वास घेतला आणि म्हणाले, 'हीच.' हो की नाही, नाना?"

नानांनी मान हलवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कोणीतरी बदलली," ते पुटपुटले आणि भिंतीला धरत मागच्या दाराने गोदामाकडे निघून गेले.

"त्यानंतर तीन वाजेपर्यंत खोलीला कुलूप. चावी कोणाकडे? याच्याकडे." शेठनी सुकाकडे बोट केलं.

"आणि मी डोळ्यांनी बघितलंय काका," किरण पुढे सरसावला. "साडेदहाला. खिडकीतून. सहावी बाटली हातात घेऊन हा मागच्या उंबऱ्याशी वाकला होता. खरी पिऊन टाकली, पाचवीतली भरून ठेवली. यांच्या रक्तातच आहे ते."

"किरणभाऊ, तोंड सांभाळा," शीतल म्हणाली. मग ती सुकाकडे वळली. "सुका, बाटली घेऊन काय करत होतास?"

सुकाने शेठकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

"बघितलंत?" शेठनी खिशातून फोन काढला. "मी ठाण्यात कळवलंय. साडेपाचला जीप येईल."

घड्याळात सव्वाचार झाले होते. चार वर्षांपूर्वी मोहाच्या दारूच्या एका खोट्या प्रकरणात सुकाला दोन दिवस कुठल्याशा चौकीत बसवून ठेवलं होतं. सुटून आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळायची थांबली होती. ती अजून तशीच ताठ होती. तो कारखान्यात आला तेव्हा त्याच्या बायकोने, जमनाने, शीतलचा हात धरून एवढंच विचारलं होतं, "ताई, तठे पोलीस तर नही ना?" शीतलने शब्द दिला होता.

"ताई," सुका आता हळूच म्हणाला, "माले तठे नका धाडू."

"शेठ, मला साडेपाचपर्यंत वेळ द्या," शीतल म्हणाली. आवाज आपलाच आहे का, अशी तिला शंका आली.

"घ्या की," शेठ म्हणाले. "जीप काही त्याच्या आधी येत नाही."

३

प्रमिलाबाई मांडवात कोरा चहा पीत एकट्याच बसल्या होत्या. शीतल समोर येताच त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून दाखवलं.

"सहावीचा थेंब घेतला आणि चोळला. दारू उडून गेली आणि बोटं चिकटली. दारू उडते, साखर उडत नाही. ती जागच्या जागी राहते. पहिल्या चार बाटल्यांना बोटं कोरडी राहिली होती."

"म्हणजे पाचवीचाच माल."

"त्यात शंका नाही. तू सकाळी मला आणायला देवपूरला आलीस, तेव्हा इथे काय झालं ते मात्र मला नाही सांगता येणार." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तो माणूस चोर वाटत नाही मला. पण वाटण्याला मार्क नसतात."

ते तर शीतलला पुरतं ठाऊक होतं. सील तोडताना ती इथे नव्हती याचं तिला आता फार वाईट वाटलं. एरवी नानांनी कुठलीही बाटली उघडली की ती शेजारी असायचीच.

किरण ऑफिसच्या पायरीवर फोनशी चाळा करत उभा होता. जवळ जाताच शीतलच्या नाकाला मोगऱ्याचं अत्तर झोंबलं.

"अत्तर? आज? वास घ्यायच्या कार्यक्रमाला?" ती म्हणाली.

"पाहुणे येणार होते म्हणून सकाळीच लावलं. एवढं काय त्यात?"

"मागे तुम्ही केसांना चमेलीचं तेल लावून आलात म्हणून नानांनी तुम्हाला सगळ्यांसमोर हाकललं होतं."

"तेव्हा हाकललं होतं, आज नाही हाकललं. सील तोडताना मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. अवाक्षर नाही बोलले." किरण खांदे उडवत म्हणाला. "म्हातारपणी माणूस मऊ होतो."

शीतलला यातलं काहीतरी खटकलं, पण सुकाच्या काळजीत ते तसंच मागे पडलं. "सुकाला बघितलंत तेव्हा नक्की काय झालं ते सांगा. आधी कोण बाहेर आलं?"

"काका, मी, नाना, सगळे एकदमच बाहेर आलो. मी खिडकीपाशी फोनवर बोलत थांबलो. नजर आतच होती. दोन-तीन मिनिटं. त्याने एकेक बाटली उचलली, मागच्या दाराशी नेली, वाकला, परत ठेवली. शेवटी सहावी. मग कुलूप लावून बाहेर आला."

"हातात काही?"

"काही नाही. रिकामे हात. चावी मला दाखवून खिशात टाकली."

"एकेक बाटली? सहाच्या सहा?"

"हो. चोराला सगळ्याच चाखून बघायच्या असतील!" किरण हसला.

शीतल हसली नाही. तोंडाने चाखायला माणूस जमिनीपर्यंत वाकत नाही.

४

सुकाला पोत्यांच्या खोलीत बसवलं होतं. दाराला बाहेरून कडी. शीतल आत गेली तेव्हा तो भिंतीशी उकिडवा बसून आपली ताठ बोटं दुसऱ्या हाताने चोळत होता.

"सुका, खरं काय ते मला सांगितलं नाहीस तर मी काहीही करू शकणार नाही. बाटल्या घेऊन वाकलास कशाला?"

त्याने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "शेठ मारी टाकी."

"शेठ ओरडतील. ठाण्यात काय होतं ते तुला ठाऊक आहे."

"धरतीना वाटा दिधा, ताई." सुका खाली बघतच बोलू लागला. "आमनाकडे बाटली उघडी का पयले धरतीले पाजतस, मंग मानूस पेस. दोन थेंब. मना बाप दे, तेना बाप दे. शेठ म्हने, एक थेंब सांडाना नही, सरकारले हिशोब देना पडस. म्हनीसन मी चोरीचोरी देस."

"सहाही बाटल्यांचा दिलास?"

"बठ्ठासना. टेबलवर जशा व्हत्या तशाच, डावीकडथीन. एकना बाजूले एक, उंबरावर."

एवढीशी गोष्ट! एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस तुरुंगाच्या वाटेवर गप्प बसून होता. शीतलला त्याचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. पण याने सुटका कशी होणार? शेठ म्हणतील, थेंब टाकले आणि मग दुपारी येऊन बाटली बदलली. चावी तर याच्याकडेच होती.

"बारा वर्षांच्या त्या पिंपात माल आहे ना अजून? कोणी काढला तर नाही?"

"शे ना. भरेल शे. मी काल बी ठोकी पाह्यं." सुकाने प्रथमच मान वर केली. "पावसायामा पत्रा गळत व्हता, तवय मी ती रांग फिरवी दिधी. आते ते पिंप खिडकीकडे शे."

"रांग फिरवलीस? मग खूण, नंबर वगैरे काही?"

नंबर नव्हताच. गोदामातल्या चाळीस पिंपांपैकी एकावरही नंबर नव्हता. नाना टाकूच देत नसत. आपल्या पोरांच्या कपाळावर कोणी नाव लिहितं का, असं ते विचारायचे.

"नानांना सांगितलंस, रांग फिरवली म्हणून?"

"नाना तवय भुसावळले व्हता, पोरकडे, आजारी." सुकाला हा प्रश्नच विचित्र वाटला. "आनि नानाले कसाले सांगानं, ताई? नाना नाकवर वळखस."

पाच वाजायला दहा कमी होते. शीतल उठली. तिला निदान ते थेंब पडले ती जागा बघायची होती. बाकी करण्यासारखं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

५

मागच्या दाराचा उंबरा शहाबादी फरशीचा. त्यावर सकाळी टाकलेले थेंब केव्हाच सुकून गेले होते. शीतल गुडघ्यांवर बसली.

डावीकडून पहिली जागा तर दिसतही नव्हती, पांढऱ्या रमचा डाग कसला पडणार? दुसरी तशीच. तिसरीचा आणि चौथीचा पुसट पिवळा ठिपका. कोरडे. त्यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

पाचव्या ठिपक्यावर मुंग्या जमल्या होत्या.

सहाव्यावरही.

भिंतीच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथे दुभागून दोन्ही ठिपक्यांना भिडली होती. काळ्या मुंग्यांचे दोन गच्च ठिपके. तासन्‌तास चालू असलेलं काम होतं ते, आत्ताचं नव्हे.

दारू उडते, साखर उडत नाही. शीतलच्या कानात प्रमिलाबाईंचा आवाज घुमला. पाचवीत पाक आहे, तिथे मुंग्या येणारच. पण सहाव्या थेंबात साखर कुठून आली? तो थेंब साडेदहाला पडला. नाना बाहेर पडल्यावर दोन-तीन मिनिटांत. तेवढा वेळ किरणची नजर सुकावर होती, आणि सुका बाहेर आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. बदलाबदली करायला वेळही नव्हता आणि बदललेली रम लपवायला जागाही नव्हती.

म्हणजे साडेदहाला बाटलीत साखर होती. दहाला सील तुटलं तेव्हाही होती. सील धड होतं, ठसा नानांचा. म्हणजे काल बाटली भरली तेव्हापासूनच होती.

बाटली कोणी बदललीच नव्हती. ती चुकीच्या पिंपातून भरली गेली होती.

आणि भरणारे होते नाना.

पण मग सकाळी नानांनी हुंगलं आणि 'हीच' म्हणाले, ते कसं? पाकाचा वास शेंबड्या पोरालाही कळेल. नाना खोटं बोलले? कशासाठी? की...

मोगऱ्याचं अत्तर. खांद्याला खांदा लावून उभा असलेला किरण, आणि अवाक्षर न बोललेले नाना. आज सकाळी स्वयंपाकघरात डाळ लागून काळी झाली, सगळे नाकाला पदर-रुमाल लावून धावले आणि शेजारच्याच बाकावर नाना शांतपणे पेपर वाचत होते, असं आचारीण भागाबाई हसत सांगत होती. मघाशी पाहुण्यांना ते बोलले ते फक्त धारांबद्दल.

आणि "आधी तू सांग, पोरी." गेले आठ महिने कुठलाही ग्लास आला की नाना तो आधी तिच्याकडे सरकवत. ती वास सांगे, ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, बरोबर. तिला वाटायचं, नाना आपल्याला तयार करताहेत. घरी जाऊन ती आनंदाने नवऱ्याला सांगायची.

आज सकाळी ती इथे नव्हती. आठ महिन्यांत पहिल्यांदा नानांना एकट्याने हुंगावं लागलं होतं.

शीतल उंबऱ्यावरच बसून राहिली. तिला रडू फुटत होतं. सुकाला सोडवायचं तर नानांना उघडं पाडायचं, बारा पाहुण्यांसमोर, शेठसमोर, किरणसमोर. ज्या माणसाने तिला वास घ्यायला शिकवलं त्याला. पण नुसत्या मुंग्यांवर कोण विश्वास ठेवणार? खात्री करून घ्यायला हवी होती.

ती उठली, मांडवात गेली, आणि किटलीतला गार झालेला कोरा चहा तिने रमच्या ग्लासात ओतून घेतला.

६

गोदामात नाना डावीकडच्या भिंतीपासून तिसऱ्या पिंपाला टेकून बसले होते. बारा वर्षांचं पिंप पावसाळ्यापर्यंत तिथेच होतं; आता तिथे पाक घातलेल्या रमचं पिंप होतं.

"नाना, सापडली," शीतल म्हणाली. "खरी सापडली. बघा बरं."

नाना सावरून बसले. त्यांनी ग्लास घेतला, तिरपा केला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"हीच," ते म्हणाले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "हीच, पोरी. जुनं लाकूड... संत्र्याची साल..."

"नाना, हा कोरा चहा आहे."

नानांनी डोळे उघडले नाहीत. ग्लास तसाच धरून ते बसून राहिले, आणि शीतलला वाटलं की आपण त्यांच्या थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

"श्रावणात ताप आला तेव्हा गेलं," ते अखेर म्हणाले. "लेकीकडे. एक दिवस तिने फोडणी घातली आणि मला ठसका लागला, पण वास नाही. म्हटलं, येईल परत. आज येईल, उद्या येईल. आठ महिने झाले."

"मला वाटायचं तुम्ही मला शिकवताय."

"शिकवतच होतो गं. आणि उसनंही घेत होतो."

"किरण सकाळपासून अत्तर लावून फिरतोय, नाना. आणि रांग फिरवली होती. सुकाने सांगितलं नाही, कारण तुम्हाला सांगायची गरज पडेल असं त्याच्या मनातही आलं नाही."

नानांनी टेकलेल्या पिंपावरून हात फिरवला. "पाचवी आणि सहावी एकच, असं त्या बाई म्हणाल्या तेव्हाच कळलं मला. माझ्याच हातून झालं." ते एकदम तिच्याकडे वळले. "पोरी, नको सांगू. सुकाला दोन दिवसांत सोडतील, पुरावा काय आहे त्यांच्याकडे? माझं नाव एकदा गेलं की परत यायचं नाही. नाक नसलेल्या चुडामणला कोण विचारणार?"

शीतलला क्षणभर हा माणूस ओळखूच आला नाही.

"सुकाची दोन बोटं आली का परत, नाना?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

७

नवल हवालदार जीपमधून उतरले. किरणने सुकाला खोलीतून बाहेर काढलं. मांडवातले पाहुणे भज्यांच्या बशा हातात धरून उभे राहून बघू लागले.

"थांबा!" शीतल धावत आली. "बाटली कोणी बदललेली नाही. सगळे मागच्या उंबऱ्याशी चला."

तिने थेंब दाखवले, मुंग्या दाखवल्या. साखरेचं सांगितलं, साडेदहाचं सांगितलं. प्रमिलाबाई खाली वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पूर्ण मार्क."

"किरणभाऊ, सुकाचे हात रिकामे होते हे तुम्हीच सांगितलंत ना?"

किरण चपापला. पण तो हार मानणारा नव्हता. "म्हणजे दहा वाजता नाना खोटं बोलले असं म्हणायचंय तुम्हाला? चाळीस वर्षं ज्यांच्या नाकावर हा कारखाना चालला ते खोटे, आणि या मुंग्या खऱ्या?"

सगळे शीतलकडे बघू लागले. हवालदारांनी सुकाचं कोपर धरलं होतं. ताठ बोटांचा तो हात लुळा लोंबत होता. शीतलने तोंड उघडलं.

"नानांना..." ती म्हणाली आणि तिने सुकाच्या हाताकडे बघितलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. "नानांना आता..."

"किरण," मागून आवाज आला. नाना गोदामाच्या दारात उभे होते. चहाचा ग्लास अजून त्यांच्या हातात होता. "तू सकाळपासून अत्तर लावून फिरतोयस असं शीतल म्हणते. खरंय का?"

"हो, नाना. का?"

"कसलं?"

किरणने इकडेतिकडे बघितलं. "मोगऱ्याचं."

"मला माहीत नव्हतं," नाना म्हणाले.

काय ते सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. प्रमिलाबाईंना पहिल्यांदा कळलं आणि त्यांनी मान खाली घातली. मग शेठना. नाना चालत पुढे आले आणि हवालदारांसमोर उभे राहिले.

"बाटली मी भरली. चुकीच्या पिंपातून. माझं नाक आठ महिन्यांपूर्वी गेलं आणि मी ते लपवलं. सकाळी मी नुसताच 'हीच' म्हणालो. या माणसाचा काही दोष नाही. सोडा त्याचा हात."

हवालदारांनी हात सोडला. त्यांनी शेठकडे बघितलं, शेठनी जमिनीकडे. थोड्या वेळाने हवालदारांचा चहा झाला आणि जीप रिकामीच परत गेली.

सुका गोदामात शिरला. खिडकीजवळच्या एका पिंपावर त्याने हात ठेवला. शीतलने त्यातून मापभर काढली आणि नाकाशी नेली. जुनं लाकूड, भाजलेला गूळ, संत्र्याची साल. तिला हुंदका आवरेना. पाहुण्यांनी त्या दिवशी सहावा घोट घेतला तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रेल्वेतले साहेब तेवढे डोळे पुसत होते.

शेठनी सुकाची माफी मागितली नाही. किरण तर फोन घेऊन कुठेतरी नाहीसाच झाला. जाता जाता शेठ नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, उद्यापासून घरी आराम करा." आवाज मऊ होता, पण म्हणून काही त्याचा अर्थ बदलत नव्हता. नानांनी बोटातली अंगठी काढून शीतलच्या हातात दिली आणि मागच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

सोनगीरच्या किल्ल्यावर ऊन कलत होतं. सुका नव्या बाटलीतले दोन थेंब धरतीला द्यायला आला. शेठ दाराशी उभे होते, या वेळी त्याने चोरून दिले नाहीत. ताठ बोटांनी बाटली सांभाळत त्याने जुन्या ठिपक्यांपासून वीतभर लांब, नानांच्या पायाशी थेंब टाकले. शेठ बघत राहिले.

नाना आणि सुका एकमेकांकडे बघत नव्हते. शीतलला वाटलं, सुका आता उठून जाईल, आणि गेला तर त्याचं काही चुकणार नाही. पण थोड्या वेळाने सुका तिथेच उंबऱ्यावर टेकला.

"नाना, सरक जरा," तो म्हणाला.

नाना सरकले. दोघंही खाली फरशीकडे बघत बसले. थेंब सुकून पुसटसा डाग उरला. रांगेतून चुकलेली एक मुंगी तिकडे आली, डागाभोवती एक फेरी मारली, थबकली आणि आल्या वाटेने परत गेली. दुसरी आली, तीही गेली.

"हीच," नाना म्हणाले.